करडे, सुपे आणि कर्जाचे कागद

सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस पुण्याच्या पूर्वेस दहा-वीस कोसांवर पोहोचता पोहोचता क्षीण होतो, आणि भीमा, नीरा, कऱ्हा व घोड ह्या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या माळरानावर तो पडेलच असा भरवसा कोणत्याही पिढीतील कुणब्याला कधी धरता आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात पुणे जिल्ह्यातील भीमथडी, इंदापूर व शिरूर आणि नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे व कर्जत हे तालुके ह्या अवर्षणप्रवण पट्ट्यात येत. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती, चार वर्षांतून एखादे सुगीचे, एखादे बुडीत आणि उरलेली दोन पोटापुरती, हा तेथील जीवनाचा शतकानुशतकांचा क्रम होता. १८७५ च्या उन्हाळ्यात ह्याच तालुक्यांतील रयतेने सावकारांच्या घरांतून कर्जखते बाहेर काढून जाळली. ह्या घटनेस इंग्रजी दप्तराने ‘दख्खनचे दंगे’ असे नाव दिले आणि पाठ्यपुस्तकांनी तीनचार ओळींत तिची बोळवण केली. दंगे का झाले ह्याची चर्चा विद्वानांनी शंभर वर्षे केली आहे. काहींनी तर ह्या प्रकरणाला अवास्तव महत्त्व दिले गेले असाही पक्ष मांडला आहे. मला मात्र कारणांच्या चर्चेइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. चोहोंकडून कोंडी झालेल्या त्या माणसांपुढे वागण्याचे अनेक मार्ग होते, त्यांतील कित्येक त्यांनी एकामागून एक चोखाळून पाहिले होते, आणि अखेरीस त्यांनी जे केले त्यात काय करावयाचे व काय करावयाचे नाही ह्याचा एक विवेक होता. त्या विवेकाची हकीकत सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की सावकार ही काही इंग्रजी अमलाने निर्माण केलेली संस्था नव्हे. मराठेशाहीत आणि तिच्याही पूर्वी गावोगाव वाणी-सावकार होता, बी-बियाण्यास, बैलाच्या खरेदीस आणि मुलीच्या लग्नास कुणबी त्याच्याच दारी जात होता, आणि व्याजाचा दर सौम्य होता असेही नाही. परंतु त्या व्यवहारास गावगाड्याचे कुंपण होते. कर्ज वसूल व्हावयाचे ते पाटलाच्या आणि पंचांच्या नजरेसमोर. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ द्यावयाचे नाही हा दामदुपटीचा दंडक लोकमान्य होता. आणि कुणब्याची जमीन ताब्यात घेऊन सावकार तिचे करणार काय, हाही प्रश्न होता, कारण जमीन विपुल आणि कसणारे हात तुटपुंजे अशी त्या काळाची स्थिती होती. कसणारा नाहीसा झाला तर सावकाराचे येणे आणि सरकारचा सारा दोन्ही बुडावयाचे. म्हणूनच जुलूम अनावर झाला म्हणजे रयत आपले सर्वांत प्रभावी शस्त्र उचलीत असे: गुरेढोरे, भांडीकुंडी आणि मुलेबाळे घेऊन ती गाव सोडून परमुलखात परागंदा होई. मग कमाविसदारास तिची मनधरणी करावी लागे, अभयपत्रे धाडावी लागत, पहिली काही वर्षे सारा अल्प आणि पुढे चढता अशा इस्ताव्याचा कौल द्यावा लागे, तेव्हा कोठे गाव पुन्हा वसे. देशोधडीस लागणे हे दैन्य खरेच, पण त्या दैन्यातही घासाघीस करण्याचे सामर्थ्य शिल्लक होते.

१८१८ नंतर हे कुंपण एकेका बाजूने मोडत गेले. रयतवारीने प्रत्येक खातेदार सरकारसमोर एकटा उभा केला. प्रिंगलसाहेबाच्या पहिल्या आकारणीने कागदावर हिशेब नेटका मांडला, पण प्रत्यक्ष शिवारात ती इतकी जड ठरली की इंदापूर भागातील रयत जमिनी टाकून निजामाच्या मुलखात निघून गेली. पुढे विंगेट आणि गोल्डस्मिड ह्या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरापासून नवी, तुलनेने सौम्य आणि तीस वर्षे न बदलणारी आकारणी सुरू केली तेव्हा शेते पुन्हा नांगरली जाऊ लागली. सारा रोख द्यावयाचा आणि तोही ठरलेल्या हप्त्याने, पीक येवो अथवा न येवो, हा मात्र नवा नियम कायम राहिला. रोख पैसा गावात एकाच्याच पेटीत असे. साऱ्याचा हप्ता आला की कुणबी सावकाराकडे आणि सावकार बाडासह चावडीकडे, अशी वाट पडली.

ह्याच काळात न्यायाची व्यवस्थाही पालटली. १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने व्याजावर शेकडा बारा अशी मर्यादा घातली होती. १८५५ साली ती मर्यादाच रद्द झाली. १८५९ साली मुदतीचा कायदा आला आणि त्यान्वये साध्या, नोंदणी न झालेल्या खताची मुदत तीन वर्षांची ठरली. व्याज साचत जाऊ नये, सावकाराने लवकर वसुली करावी आणि ऋणकोच्या डोक्यावरचा भार वाढू नये, असा कायदेकर्त्यांचा हेतू. घडले ते विपरीत. तीन वर्षे भरत आली की सावकार कुणब्यास बोलावी, मुद्दल आणि थकलेले व्याज ह्यांची बेरीज करी, त्या बेरजेलाच नवे मुद्दल ठरवून नवे खत लिहून घेई, आणि त्या मुद्दलावर पुन्हा व्याज चालू होई. खत लिहिणारा सावकाराचा, साक्षीदार बहुधा सावकाराचेच, आणि खाली कुणब्याची निशाणी, बहुधा नांगराची. जुने खत फाडून टाकले की नाही हे विचारण्याची छाती किती जणांना झाली असेल? शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज घेतल्याची प्रकरणे पुढे चौकशी आयोगापुढे आली. दिवाणी अदालतीत फिर्याद झाली म्हणजे समन्स लागे. तालुक्याच्या गावी जावयाचे, वकील द्यावयाचा, मजुरी बुडवावयाची आणि शेवटी आपलीच निशाणी आपल्यापुढे पुरावा म्हणून ठेवली जावयाची, हे ठाऊक असल्याने बहुसंख्य प्रतिवादी हजरच होत नसत. एकतर्फी हुकूमनामे होत, जप्ती येई, आणि कर्जापायी दिवाणी तुरुंगात जाण्याचेही भय असे. पूर्वी सावकाराला पाटलाची मर्जी सांभाळावी लागे. आता त्याच्या मागे बेलिफ आणि मामलेदार उभे होते.

तरीही १८६० च्या आसपासची काही वर्षे बरी गेली, आणि हेच बरे दिवस पुढच्या अनर्थाचे कारण झाले. बोरघाटातील लोहमार्गाच्या कामावर सहस्रावधी मजूर लागले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाने इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि १८६२ पर्यंत त्या देशाला लागणाऱ्या कापसाचा बहुतांश भाग हिंदुस्थानातून जाऊ लागला. मुंबईत सोन्याचा धूर निघाला, धान्याचे भाव चढले, आणि सावकाराने हात सैल सोडला. ज्याला पूर्वी पन्नास मिळत नसत त्याला शंभर मिळू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, सावकारांच्या पाठीमागच्या पेढ्यांनी आपले पैसे परत मागितले आणि गावच्या सावकाराने आपला मोर्चा कुळांकडे वळविला. नेमकी ह्याच वेळी तीस वर्षांची मुदत संपून फेरआकारणी आली. तेजीच्या वर्षांचे भाव प्रमाण मानून बसविलेला नवा सारा कित्येक गावी जुन्याच्या दीडपटीहून अधिक झाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने ह्याविरुद्ध अर्ज केले, माहिती गोळा केली, आणि सरकारने १८७४ साली वाढीवर काही मर्यादाही घातली. पण तोवर सावकाराने साऱ्यासाठी उसने देण्याचे थांबविले होते. हप्ता द्यावयाचा तर पैसा नाही, आणि पैसा देणारा दार लावून बसलेला, अशा अवस्थेत त्या वर्षीचा हिवाळा आला.

अशा वेळी माणूस काय करतो? बहुतेक माणसे बहुतेक वेळ सोसतात, आणि त्या सोसण्यालाही मी कमी लेखणार नाही, कारण घरात खाणारी तोंडे असताना नव्या खतावर निशाणी करून आणखी एक वर्ष पदरात पाडून घेणे हाही एक निर्णय असतो आणि तो रोज घेतला जात होता. परागंदा होण्याचा जुना मार्ग आता बंद झाल्यासारखाच होता, कारण पडीक जमीन उरली नव्हती आणि मागे टाकलेल्या जमिनीवर सावकार नाव लावून मोकळा होत होता. अर्ज करण्याचा मार्ग होता, आणि तोही लोकांनी अनुसरला. नगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील मिरजगावच्या रयतेने कलेक्टराकडे धाडलेला एक अर्ज सरकारी दप्तरात राहिला आहे. त्यातील तक्रार विलक्षण संयत आहे. घरखर्च भागत नाही म्हणून आम्हांला सावकाराकडे पैसा, कापड आणि धान्य मागावे लागते; ते देताना तो जाचक अटींचे खत लिहून घेतो; रोखीने घेणाऱ्याला जो भाव, त्याहून शेकडा पंचवीस-पन्नास अधिक भाव आम्हांला लावतो; शेतातला माल खात्यात जमा करीन म्हणून उचलून नेतो आणि वहीत त्याचा उल्लेखही करीत नाही; पावती मागितली तर ती देत नाही, असा त्याचा आशय. त्यात शिवीगाळ नाही, दैवाला बोल नाही. कर्ज बुडवू द्या अशी मागणीही नाही. वहीत खरे लिहावे आणि घेतल्याची पावती द्यावी, एवढेच ती माणसे मागत होती. पुढे जे घडले त्याचे मर्म मला ह्या अर्जात दिसते: आपले वैर कोणत्या वस्तूशी आहे हे लोकांना आधीच कळले होते.

शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. तेथील देशमुख घराण्यातील बाबासाहेब देशमुख ह्या वजनदार, परंतु कर्जाने खचलेल्या गृहस्थावर काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने हुकूमनामा मिळविला आणि १८७४ च्या डिसेंबरात देशमुखाचे राहते घर पाडावयास काढले. घर पाडणे ही गोष्ट कायद्याच्या दृष्टीने डिक्रीची बजावणी होती. गावाच्या दृष्टीने ती गावाच्या अब्रूवर घातलेली कुऱ्हाड होती. देशमुखाचा मान दुखावला गेला म्हणून गाव उठले, एखाद्या दरिद्री कुणब्याचे झोपडे पाडले असते तर कदाचित उठले नसते, हे मान्य केले पाहिजे. परंतु उठलेल्या गावाने जे केले ते आश्चर्यकारक आहे. कोणी सावकारावर हात टाकला नाही. गावकऱ्यांनी सर्वांची गिऱ्हाइकी देण्याचे वचन देऊन आधी गावात एका वाण्याचे नवे दुकान उघडविले, म्हणजे मीठमिरचीसाठी त्याच सावकाराच्या ओट्यावर जाण्याची पाळी येऊ नये. ती तजवीज झाल्यावर त्यांनी व्यवहार तोडला. मारवाड्याची जमीन कोणी कसावयाची नाही, त्याच्या घरी कोणी पाणी भरावयाचे नाही, सरपण आणावयाचे नाही, न्हाव्याने त्याची हजामत करावयाची नाही, चाकरीस कोणी राहावयाचे नाही. काही उपद्रवी लोकांनी सावकारांच्या दारांत मेलेली कुत्री आणि घाण टाकली, हेही दप्तरात नमूद आहे. काही काळाने करड्याच्या सावकारांनी पोलिसांचा आश्रय घेतला आणि बाडबिस्तरा आवरून ते शिरूरला राहावयास गेले.

ही वार्ता आसपासच्या गावांत गेली आणि बहिष्काराचे करार लिहिले जाऊ लागले. सुतार, लोहार, चांभार, परीट, न्हावी ह्यांनी गुजर-मारवाडी सावकाराचे काम करू नये, जो करील त्यास वाळीत टाकावे, त्याचा बलुत्याचा हक्क बंद करावा, अशी कलमे त्यांत असत. सावकाराच्या हाती जसा कागद होता तसाच आता गावाच्या हातीही एक कागद आला. फरक इतकाच की ह्या कागदाची बजावणी करण्यास अदालत नव्हती. एकमेकांची लाज आणि एकमेकांचा धाक, ह्यांवरच त्याची सारी भिस्त. आयर्लंडच्या मेयो परगण्यात कुळांनी जमीनदाराच्या कारभाऱ्याशी असाच व्यवहार तोडला आणि त्याची कीर्ती जगभर झाली ती १८८० साली. करड्याचे लोक त्याच्या पाच वर्षे आधी तेथवर पोहोचले होते, आणि कोणत्याही पुस्तकातून नव्हे तर आपल्या गावगाड्याच्या अनुभवातून.

येथे थांबून एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे, कारण ती न बोलता करड्याचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. वाळीत टाकण्याचे हे शस्त्र गावाजवळ तयार होते ते कशामुळे? शतकानुशतके ते गावातल्याच दुबळ्या माणसांवर चालविले गेले होते म्हणून. जातीचा नियम मोडणारा, पुनर्विवाह करणारी, वतनी काम नाकारणारा महार, ह्या सर्वांवर त्याची धार घासून तीक्ष्ण झालेली होती. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी पाणी घेतल्यानंतर गावोगाव त्यांच्यावर बहिष्कार पडला: काम नाही, दाणा नाही, वाट नाही. त्याच वर्षी बाबासाहेबांनी आपल्या पत्रास ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले. करड्यातही न्हाव्याने आणि परिटाने खरोखर राजीखुशीने बहिष्कार पाळला की बलुते बंद होईल ह्या भयाने, हे आज कोण सांगणार? बलवंतांनी दुबळ्यांवर चालविलेले शस्त्र आणि दुबळ्यांनी बलवंतांवर उचललेले शस्त्र ह्यांत मी फरक करतो, आणि अदालत, पोलीस व पैसा पाठीशी असलेल्या सावकारावर त्याचा प्रयोग झाला ह्याबद्दल मला खेद वाटत नाही. पण ते शस्त्र निष्पाप नव्हते एवढे मनाशी पक्के असावे.

बहिष्काराने सावकार गाव सोडून गेला तरी खत त्याच्या पेटीतून त्याच्याबरोबरच गेले, आणि शिरूरच्या अदालतीत त्याचे मोल पूर्वीइतकेच राहिले. ही मर्यादा लोकांच्या ध्यानात आली असावी. १८७५ च्या उन्हाळ्यात एक वदंता सर्वत्र पसरली होती: कोणा इंग्रज साहेबाचेच मारवाड्याने दिवाळे काढले, त्याने विलायतेस राणीकडे दाद मागितली, आणि सावकारांकडील खते काढून घ्यावीत असा राणीचा हुकूम सुटला आहे. ह्या वदंतेला भोळेपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. जे करावयाचे आहे ते न्यायाचे आहे, वरच्या कोणाची तरी त्यास संमती आहे, अशी खात्री त्या लोकांना हवी होती. बंडखोर म्हणवून घेण्याची त्यांची इच्छा नव्हती.

पुणे आणि सुपे ही जोडगोळी मराठ्यांच्या इतिहासात शहाजीराजांच्या जहागिरीपासून प्रसिद्ध आहे. १८७५ मध्ये सुपे हे भीमथडी तालुक्यातील मोठ्या बाजाराचे गाव होते आणि तेथे गुजर दुकानदार-सावकारांची भरभक्कम वस्ती होती. १२ मे रोजी, बाजारच्या दिवशी, आसपासच्या गावांतून जमलेला समुदाय सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. त्याने वह्या आणि खते मागितली, काढून घेतली आणि जाळली. धान्याची आणि कापडाची दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी आगीही लागल्या. तेवढा दोष समुदायाच्या माथी आहे. चोवीस तासांच्या आत चौदा मैलांवरच्या एका गावात सावकाराच्या गंजी पेटल्या. त्यानंतर हे लोण भीमथडीतून शिरुरात, घोड नदी ओलांडून नगर जिल्ह्यातील श्रीगोंदे, पारनेर, कर्जत ह्या तालुक्यांत गेले, आणि सुमारे दोन महिन्यांत तीसहून अधिक गावांत पसरले. बातमी पुढे धावे आणि कित्येक ठिकाणी समुदाय जमण्याआधीच सावकार पळून जात.

ह्या साऱ्या प्रकरणाची चौकशी सरकारच्याच माणसांनी केली, आणि रयतेची बाजू घेण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. त्यांनी काढलेला निष्कर्ष म्हणूनच अधिक मोलाचा. लोकांचा रोख सर्वत्र कर्जखते, हुकूमनामे आणि वह्या हस्तगत करून नष्ट करण्यावर होता. जेथे सावकाराने ती मुकाट्याने स्वाधीन केली तेथे बहुधा पुढे काहीच झाले नाही. जेथे त्याने दार लावून घेतले किंवा नकार दिला तेथे दमदाटी आणि मारझोड झाली, आणि तीही कागद मिळेपर्यंत. अपवाद होते. नीरेकाठच्या निंबूत येथे डिक्री बजावण्यास आलेल्या एका सावकाराचे नाक कापले गेले, आणि असल्या क्रौर्याचे समर्थन कोणत्याही दारिद्र्याच्या नावाने करता येणार नाही. तथापि शेकडो माणसांचे क्षुब्ध समुदाय, आठवडेच्या आठवडे, ज्यांच्यामुळे आपली घरे बुडाली असे ते मानीत होते त्यांच्या दारांत उभे राहिले, आणि तरीही जीवित हानी जवळजवळ झाली नाही, ही गोष्ट जगातील शेतकऱ्यांच्या उठावांचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे सामान्य वाटत नाही. ज्याला अक्षरओळख नव्हती त्या माणसाने आपल्या दुःखाचे मूळ एका लिखित वस्तूत आहे हे ओळखले आणि हात त्या वस्तूवर टाकला. वहीतल्या कोणत्या पानावर आपले नाव आहे हे वाचता येत नसल्याने त्याला सगळीच वही जाळावी लागली, ही त्यातली सर्वांत करुण बाब.

निवड मात्र पूर्णपणे निःपक्षपाती नव्हती. गुजर आणि मारवाडी सावकारांवर रोष झाला, गावातल्या ब्राह्मण सावकारांना बहुतेक ठिकाणी धक्का लागला नाही. ब्राह्मण सावकार शेतीशी आणि गावाशी अधिक जोडलेला असल्याने तो कमी निष्ठुरपणे वागत असे, असे एक कारण दिले जाते. आणि त्यात तथ्यही असेल. पण परक्याला परका म्हणून वेगळे काढणे सोपे असते, आणि जो ओळखीचा आहे त्याचे व्याज सुसह्य वाटते, हेही खरेच. त्या परक्यांतही कित्येक लहान दुकानदार होते. पुण्या-नगरच्या मोठ्या पेढ्यांचे पैसे त्यांनी आणलेले, वर देणे आणि खाली येणे ह्यांच्या मध्ये तेही सापडलेले. मोठ्या पेढ्या शहरात सुरक्षित राहिल्या.

सरकारने सैन्य धाडले, ठाणी बसविली, आणि पुणे व नगर ह्या दोन जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना पकडले. त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाल्या. कित्येक गावांत पकडलेल्यांविरुद्ध साक्ष देण्यास कोणी पुढे येईना. १८५७ ची आठवण ताजी असल्याने कलकत्त्याच्या सरकारने मुंबई सरकारकडे चौकशीचा आग्रह धरला, आणि आयोग नेमला गेला; त्याचा अहवाल १८७८ मध्ये विलायतेच्या पार्लमेंटपुढे ठेवला गेला. सावकारी पाश, खतांची पद्धत, अदालतींचा एकतर्फी कारभार ह्यांचे त्यातील वर्णन आजही वाचण्यासारखे आहे. पाहणी केलेल्या गावांत सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले आढळले. परंतु वाढलेल्या साऱ्याचा वाटा किती, ह्या प्रश्नाशी येताच अहवालाची लेखणी जड होते आणि मुख्य दोष सावकाराच्या पदरी जातो. आयोगाचे सभासद ऑकलंड कॉल्व्हिन ह्यांनी सारापद्धतीवर स्वतंत्र टिपण लिहून तिचे दोष अधिक उघडपणे मांडले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात सावकार, कारकून आणि सरकार ह्या तिघांचेही जाळे एकत्र पाहिले.

अहवाल तयार होत असतानाच १८७६ चा पाऊस गेला. जे तालुके खते जाळून बसले होते त्यांच्यावरच दुष्काळ कोसळला आणि सावकार तर आता पेटी उघडावयास तयार नव्हता. दुष्काळी कामांवर खडी फोडून लोक जगू लागले. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या धोरणानुसार रोजमुरा कमी करून माणशी एक पौंड धान्य आणि वर अगदी अल्प रोकड इतक्यावर आणला गेला. ह्यावर सहस्रावधी उपाशी माणसांनी कामे सोडली. ह्या कृत्याचा अर्थ लावताना आजही मन स्तिमित होते: ज्याला आजचे अन्न आज मिळवावयाचे आहे त्याने अपुरे अन्न नाकारावे! सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी त्यांची बाजू सरकारपुढे नेटाने मांडली, गावोगावची स्थिती लिहून काढली आणि ती मुंबईस कळविली. मजुरांपैकी कित्येकांना ह्या नकाराची किंमत मोजावी लागली.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा ह्या चार जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला. कर्जापायी शेतकऱ्यास कैद करण्याची चाल त्याने बंद केली. खास गहाण दिल्याखेरीज जमीन कर्जासाठी विकू नये असे ठरविले. खताची मुदत वाढविली, म्हणजे दर तीन वर्षांनी नवे खत करण्याचे निमित्त उरू नये. शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, पैसे प्रत्यक्ष दिले की नाही हे पाहिले जावे, पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क कुळास असावा, अशी तरतूद केली. मिरजगावच्या अर्जातील पावतीची मागणी येथे कायद्यात उतरली आहे, आणि मधल्या काळात पाचशे एक माणसे शिक्षा भोगून आली आहेत. सर्वांत महत्त्वाचे कलम असे की न्यायाधीशाने खतावरच्या आकड्याने बांधून न घेता खताच्या मागे जावे, व्यवहाराच्या आरंभापासून मुद्दल किती आणि व्याज किती हे स्वतः तपासावे, आणि प्रतिवादीस बोलावून त्याचे म्हणणे ऐकावे.

सावकारांनीही आपला मार्ग शोधला. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत करून घेऊ लागले आणि पैसे फिटताच जमीन परत देण्याचे तोंडी वचन देऊ लागले. ते वचन पाळले जाण्याची हमी कोणत्याही कलमात नव्हती. कायद्याने जाच कमी केला, पण पुढच्या पेरणीला पैसा कोठून आणावयाचा ह्याचे उत्तर दिले नाही. ते उत्तर शोधण्याचा एक गंभीर यत्न विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी केला. पुरंदर तालुक्यात प्रयोगादाखल शेतकी पेढी काढावी, जुनी कर्जे तडजोडीने मिटवावीत आणि माफक व्याजाने नवी द्यावीत, अशी त्यांची योजना होती. स्थानिक सावकार-भांडवलदारही तीत पैसा घालावयास तयार होते. विलायतेच्या इंडिया ऑफिसात ती नामंजूर झाली, आणि सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यासाठी १९०४ साल उजाडावे लागले.

रानड्यांच्या वाट्याला मात्र त्या १८७९ च्या कायद्याची प्रत्यक्ष देखरेख आली. प्रथम साहाय्यक म्हणून आणि १८८७ पासून खास न्यायाधीश म्हणून ते तालुक्यातालुक्यांच्या अदालती तपासत फिरत. कनिष्ठ मुन्सफांनी दिलेले निकाल, लिहिलेल्या जबान्या आणि मांडलेले हिशेब ते स्वतः पाहात. आता एकतर्फी हुकूमनाम्यांचे प्रमाण घसरू लागले होते. पूर्वी समन्स आले की शिवारात दडून बसणारा कुणबी आता तालुक्याच्या गावी येऊन मुन्सफासमोर उभा राहू लागला होता, आणि आपण पहिल्यांदा किती रुपये घेतले, कोणत्या सालच्या ज्वारीची किती पोती सावकाराने नेली, ते आपल्या तोंडाने सांगून लिहवून घेऊ लागला होता.